आबासाहेबांच्या हुकमाची गोष्ट

एका मोठ्या शहरात एक नगराध्यक्ष होते. सगळे त्यांना आबासाहेब म्हणत. माणूस कर्तबगार, यात वादच नाही. रस्ते त्यांनी केले, शाळा बांधल्या, शहराच्या वरच्या अंगाला भलामोठा तलाव बांधला. पण त्यांच्या हुकमाशिवाय शहरात पान हलायचं नाही. वाळकी फांदी तोडायचीय? आबासाहेबांना विचारा. शाळेला नवा फळा हवाय? आबासाहेबांना विचारा!

"मी आहे म्हणून हे शहर चाललंय," ते म्हणायचे. लोक माना डोलवायचे. न डोलवून सांगतात कुणाला?

तलावाच्या दरवाजावर सगुणाबाई नावाची राखणदारीण होती. एका श्रावणात तीन दिवस पाऊस कोसळला आणि पाणी काठाला टेकलं. दरवाजा उघडला नाही तर बांध फुटणार आणि खालची अख्खी कोष्टीआळी वाहून जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण हुकूम कुठाय? तिनं शिपायाला पिटाळलं.

शिपाई पोचला, तर तिकडे आबासाहेबांचा सत्कार चाललेला. भाषणं रंगात आलेली. मधे तोंड उघडायची छाती कुणाची? शिपाई बिचारा दाराशी हात जोडून उभा राहिला.

इकडे बांधाला चीर पडली. "गेली खड्ड्यात नोकरी!" म्हणत सगुणाबाईनं एकटीनं चाक फिरवलं. दरवाजा उघडला, कोष्टीआळी वाचली. पण उशीर झाल्यामुळे पाणी कालव्यात मावलं नाही आणि आबासाहेबांची लाडकी गुलाबाची बाग चिखलात गेली.

दुसऱ्या दिवशी तिला भर सभेत उभं केलं.

"कुणाला विचारून दरवाजा उघडलास?"

"कुणालाच नाही. विचारायला माणूस धाडला होता. तो भाषणं संपायची वाट बघत राहिला."

"माझ्या हुकमाशिवाय?"

"आबासाहेब, हुकमाची आणखी घटकाभर वाट बघितली असती, तर कोष्टीआळीत आज तुमचा हुकूम ऐकायला कुणी उरलं नसतं."

तिला कामावरून काढायचा कागद आबासाहेबांच्या पुढ्यातच होता, फक्त सही राहिली होती. त्यांनी लेखणी उचलली, आणि तशीच खाली ठेवली. त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी कागद फाडून टाकला.

"सगुणाबाई," ते म्हणाले, "दरवाजा कधी उघडायचा, ते यापुढे तुम्ही ठरवायचं."

तेव्हापासून कुणी काही विचारायला आलं की आबासाहेब उलट त्यालाच विचारत, "तुला काय वाटतं?" लोक आधी गडबडले. काहींनी चुकाही केल्या. मग हळूहळू सगळ्यांना सवय झाली.

पुष्कळ वर्षांनी आबासाहेब गेले. सगळं शहर ढसाढसा रडलं. पण त्या दिवशीही नळाला वेळेवर पाणी आलं, दवाखान्यात आजाऱ्यांना औषध मिळालं, दिवेलागणीला रस्त्यावरचे दिवे लागले. शहरात कुणाचंही, काहीही अडलं नाही.

तात्पर्य: आपल्यामागं कुणाचं अडू नये, अशी सोय करून जातो तोच खरा कारभारी.