बारा फुटांचे पाणी

एका नदीकाठी एक वृद्ध जलशास्त्रज्ञ आणि त्यांची शिष्या पुराचा अंदाज वर्तवण्याचे काम करीत. वरच्या घाटावरचा चौकीदार पाण्याची उंची मीटरमध्ये कळवी, शिष्येने रचलेली संगणकप्रणाली तिचे फूट करी, आणि त्यावरून गावचा फरशीपूल उघडा ठेवायचा की बंद, हे ठरे.

मार्गशीर्षात अवकाळी पाऊस झाला. प्रणालीने सांगितले, बारा फूट पाणी येणार. पूल अवघा सहा फूट उंच! गावाने तत्काळ अडसर टाकला, आणि नेमके त्याच दिवशी पलीकडून वऱ्हाड यायचे होते. वधूपिता धापा टाकत आला.

"ताई, साडेबाराचा मुहूर्त आहे. नवरदेव बाशिंग बांधून पलीकडे उभा आहे हो!"

शिष्येला वाईट वाटले, पण ती ठाम राहिली. "काका, आकडा मी तीनदा तपासलाय. गणितात चूक नाही."

शेगडीवर शिष्येने केलेली आमटी रटरटत होती. चवही न घेता गुरुजींनी तिच्यात मूठभर मीठ टाकले.

"अहो गुरुजी, मीठ घातलं होतं मी!"

"मला काय ठाऊक? आमटीत मीठ घालायचं असतं, म्हणून मी घातलं. तुझंही बरोबर, माझंही बरोबर, आणि आमटी मात्र खारट. अगं, नुसता आकडा मुका असतो. आपण मीटर आहोत की फूट, हे तो आपणहून सांगत नाही. त्याला विचारावं लागतं."

शिष्येने चौकीदाराला फोन लावला. तो मोठ्या उत्साहाने म्हणाला, "कालपासून मीच फूट करून पाठवतोय, ताई. म्हटलं, तेवढाच तुमचा ताप वाचेल!"

फुटांचे पुन्हा फूट झाले होते! खरे पाणी पावणेचार फूटही नव्हते. दोन भल्या माणसांच्या चांगुलपणाने नदी फुगवली होती म्हणायची. शिष्येने लगोलग प्रणालीला शिकवले की ज्या आकड्यापुढे एकक नाही, त्याला आत घ्यायचे नाही. अडसर उठला, बँड वाजू लागला, आणि अक्षता अगदी मुहूर्तावर पडल्या. तिला इतका आनंद झाला की तिचे डोळे भरून आले.

संध्याकाळी वधूपित्याचा फोन आला. "ताई, बुंदीचे लाडू पाठवतोय. वीस!"

"वीस काय, काका? नग की किलो?"

"मुहूर्त वाचवलात, किलोच समजा!"

"समजा नको, काका. डब्यावर लिहून पाठवा."

गुरुजी पोट धरून हसले. आता या मुलीला शिकवायचे काही उरले नाही, हे त्यांना कळून चुकले.