फुटक्या तळ्याची घागर

तुमच्या पायाखाली हा जो लांबलचक उंचवटा आहे, तो तळ्याचा बांध. पलीकडे गवताचं मैदान दिसतंय ते तळं. मधोमध खिंडार आहे बघा, तिथून पाणी गेलं ते परत थांबलंच नाही. मध्यंतरी सरकारी माणसं येऊन मोजमाप करून गेली. खिंडार बुजवून देतो म्हणाली, पण दोन्ही गावांनी नको म्हटलं. बसा थोडं सावलीला, म्हणजे का ते सांगतो. माझ्या आज्यानं सांगितलं तसंच सांगतो.

उगवतीला करंजोळ, ते आमचं गाव. मावळतीला हातवण. दोघांत हे एकच तळं. उन्हाळा लागला की पाण्याच्या पाळीवरून वाद व्हायचा. पण समोरच्या मोरधार किल्ल्यावरून शिपाई यायचे, बांधावर ठाण मांडून बसायचे आणि पाळी ठरवून द्यायचे. त्यांच्या धाकानं भांडण शिव्यांच्या पुढे जात नसे.

मग उत्तरेकडून पातशाही फौज आली. देशावरची ठाणी एकामागून एक पडत गेली, तशी किल्लेदारानं आपली सगळी माणसं गडावर ओढून घेतली. बांधावरचे शिपाईही गेले. असं साऱ्या खोऱ्यात झालं, असं सांगतात. लढाई लांब चालली होती, पण जुनी भांडणं जागच्या जागी पेटली. खालच्या अंगाला दोन देशमुखांचा शिवेवरून वाद होता. एक फौजेला जाऊन मिळाला आणि त्यानं दुसऱ्याचं गाव जाळलं. कुठं कुरणावरून, कुठं देवळातल्या मानावरून माणसं कापली गेली. फौज अजून तिथं पोचलीही नव्हती.

इथेही तेच झालं. त्या उन्हाळ्यात पाणी वळवताना बाचाबाची झाली आणि हातवणच्या रायाजीनं करंजोळच्या चांगोजीला बांधावरच कुऱ्हाडीनं मारलं. चांगोजी आमच्या पाटलांचा, सुभानजींचा, धाकटा भाऊ. त्याच्या बायकोचं नाव भिवरा. तिनं म्हणे मोठ्यानं रडून घेतलं नाही. रायाजी जिवंत आहे तोवर डोळ्यांत पाणी आणणार नाही, असं ती म्हणाली. दोन्ही गावांनी मग शेताची अवजारं सोडून भाले परजायला घेतले.

पावसाळा सरला, तळं काठोकाठ भरलं, आणि दसऱ्याच्या सुमारास फौज खाली खोऱ्यात उतरली. मोरधारला समोरून वेढा पडला, पण समोरून गड हाती येईना. मागून यायला एकच वाट होती. ही आपल्या समोरची नाळ, म्हणजे डोंगराच्या घळीतून चढणारी वाट. ती थेट या तळ्यापाशी निघते आणि इथून गडाची मागची बाजू गाठता येते. तिच्या फाट्याफाट्यांत माहितगाराशिवाय माणूस हरवतो.

एके दिवशी फौजेचा एक माणूस वेष बदलून सुभानजी पाटलांच्या घरी जेवायला आला. त्यानं सांगितलं की नाळेची वाट दाखवा, तळं कायमचं करंजोळचं होईल आणि हातवणची शेतीही तुमच्याकडे येईल. पाटलांनी विचार करतो म्हटलं. भिवरा वाढत होती, तिनं सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी गाव गोळा केला. भावाचा सूड हातवणला न जाता घेता येणार होता, त्यामुळे बहुतेकांना ते पटलंच. तेव्हा भिवरा पुढे आली. खालून पळून आलेल्या बायका तिच्या गोठ्यात उतरल्या होत्या, त्यांचं तिनं ऐकलं होतं. ज्या गावानं फौजेला नदी ओलांडायचा उतार दाखवला, त्या गावाचं धान्य फौजेनं सगळ्यात आधी नेलं होतं आणि पुरुष ओझी वाहायला धरून नेले होते. हे तिनं गावाला सांगितलं आणि सुभानजींकडे वळली.

"आबा, त्या पाण्यापायी माझं कुंकू गेलं. हे पाणी घ्यायला सगळ्यांआधी मीच हो म्हणायला पाहिजे. मी नाही म्हणते."

पाटील एवढंच म्हणाले, "आपण नाही म्हटलं, तरी हातवणकर वाट दाखवतील."

"ते मी विचारून येते," भिवरा म्हणाली.

ती एकटी निघाली. या बांधावरून, चांगोजी पडला त्या जागेवरून, भर दुपारी चालत हातवणात गेली. तिला कुणी अडवलं नाही. तिथं शब्द चालायचा तो रायाजीचाच. तो ओसरीवर दोर वळत बसला होता. तिला बघून तो उठून उभा राहिला. तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही. फौजेचा माणूस आला होता, हे सांगितलं आणि तो काय देऊ करत होता तेही सांगितलं.

रायाजी ऐकत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "तोच माणूस परवा इथं जेवून गेला. तळं हातवणचं करून देतो म्हणाला. करंजोळची शेतीही."

"मग तू काय सांगितलंस?"

"विचार करतो म्हटलं."

भिवरा ओसरीच्या कडेला टेकली. त्या घटकेला तिला काय वाटलं, ते कुणी सांगत नाही. पुढे बोलली ती शांतपणे. नाळ बंद करायची तर नुसते दगड लोटून भागणार नव्हतं, ते फौज दिवसभरात बाजूला करील. तळं भरलेलं होतं. ते नाळेत सोडलं तर वाट मुळासकट धुऊन जाईल.

रायाजीनं तोंडावर हात धरला. त्याच पाण्यासाठी त्यानं माणूस मारला होता. "बांध कुणी फोडायचा?" त्यानं विचारलं.

"दोघांनी. उद्या तहान लागेल तेव्हा, त्यांनी फोडला असं कुणाला म्हणता येऊ नये."

"आणि माझं काय?"

"तुझा हिशेब माझ्याकडे आहे. तो राहील."

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन्ही गावं कुदळी-पहारी घेऊन इथं आली. उगवतीकडून करंजोळ खणत होतं, मावळतीकडून हातवण. सुरुवातीला कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सुभानजी पाटील घरीच बसून होते. पण खालून फौजेचे नगारे ऐकू येऊ लागले, तसे तेही आले. धोतर खोचून भावाच्या रक्ताच्या जागी उतरले आणि पहिली चीर त्यांच्या पहारीनं पडली. पाणी सुटलं, तेव्हा डोंगर हलल्यासारखा आवाज झाला म्हणे. पाटील त्यात वाहून गेले, असं हातवणात सांगतात. आमच्याकडे तसं सांगत नाहीत. ते पुढे पुष्कळ वर्षं जगले.

संध्याकाळी नाळेत वाट म्हणून काही उरलंच नव्हतं. नुसता तुटलेला कातळ होता. फौज आली तशी मागे फिरली आणि त्या वर्षी मोरधार वाचला. स्वारी मात्र संपली नाही. पुढे कितीतरी वर्षं ती या ना त्या खोऱ्यात चालूच होती. पण करंजोळ-हातवणनं आपलं तळं फोडल्याची बातमी पसरली आणि निदान आसपासच्या गावांनी एकमेकांवर उचललेले हात खाली घेतले. म्हणून हे खिंडार दोन्ही गावं बुजवू देत नाहीत.

तळं गेलं. उरला तो हातवणच्या कड्याखालचा बारीक झरा, खूप लांब आणि खूप खोल. पहिल्याच उन्हाळ्यात रायाजी करंजोळला आला. भिवराच्या दारात कुऱ्हाड ठेवून मान वाकवून बसला. तुझं जे राहिलंय ते घे, म्हणाला.

भिवरानं कुऱ्हाड उचलून बाजूला ठेवली. "तू मेल्यानं माझ्या घरात पाणी येत नाही. घागर घे आणि झऱ्यावर जा."

त्यानं पाणी आणून रांजणात ओतलं. आता जाऊ का, असं विचारलं. ती म्हणाली, "उद्या ये."

रायाजी रोज येत राहिला. पाय थकले तरी आला. क्षमा तिनं कधी केली नाही आणि त्यानंही मागितली नाही. तो गेला त्या दिवशी भिवरा त्याच्या अंगणात येऊन बसली आणि चांगोजी गेला तेव्हापासूनचं सगळं रडून घेतलं, असं सांगतात.

आजही पाडव्याच्या सकाळी हातवणचा एक गडी झऱ्यावरून घागर भरून डोंगर चढतो आणि करंजोळच्या पाटलांच्या दारात येतो. आता घरोघरी नळ आहेत, तरी तो पायीच येतो. आतून बाई विचारते, कोण? त्याचं नाव काहीही असो, तो रायाजी म्हणून सांगतो. पाणी ओततो आणि उंबऱ्याबाहेर थांबून राहतो. घरातली थोरली बाई दारात येऊन "उद्या ये" म्हणते, आणि मगच तो परत फिरतो.