गुणाजी सॉरी म्हणायला जातो

एका गावात एक भोळा गडी होता. गुणाजी त्याचं नाव. कामाला वाघ, पण सांगितलं तेवढंच करायचा, त्याच्या पुढं तसूभरही नाही.

एकदा त्याची बायको हौसा बाजाराला निघाली. म्हणाली, "अवो, म्हशीवर नजर ठेवा." गुणाजीनं ठेवली. म्हशीनं दावं तोडलं, शेजारच्या वांग्यांत शिरली, अख्खा वाफा फस्त करून रवंथ करत बसली. गुणाजीची नजर काही हलली नाही.

हौसा आली, तिनं कपाळावर हात मारला. "निदान चुकलं तरी म्हणा!"

"चुकलं कुठं? पापणीसुद्धा लवली नाही माझी."

हौसानं गाठोडं बांधलं आणि तडक माहेर गाठलं.

दोन दिवस गुणाजीनं करपलेली भाकरी खाल्ली. तिसऱ्या दिवशी भाकरी नीट झाली, तरी घास उतरेना. मग त्याचा चुलता, तात्या, आला. तात्या शहरात गाडी चालवून आलेला.

"जा, सॉरी म्हण तिला. इंग्रजी शब्द आहे. शहरात केवढाही गुन्हा करतात न् हे म्हणून मोकळे होतात."

"म्हणायचं कसं?"

"कुणाला धक्का लागला, की म्हणायचं सॉरी. वाटेत सराव कर."

गुणाजी निघाला. कोसभर चालला, पण धक्का काही लागेना. समोरून कुंभारीण आली, डोक्यावर मडक्यांची उतरंड. गुणाजीनं नेम धरला, खांदा दिला. मडकी खाली.

"सॉरी," गुणाजी हसून म्हणाला.

कुंभारणीनं डोक्यावरची चुंबळ काढली आणि पाठ शेकली. "मुडद्या, वर दात काढतोस? कुणाच्या घरी मयत झाली की म्हणतात हे. मान खाली घालून, डोळ्यांत पाणी आणून!"

"बरं झालं सांगितलंत, मावशी."

पुढच्या गावात वाजंत्री वाजत होती. घोड्यावर नवरा, मागं वऱ्हाड. गुणाजी मान खाली घालून गेला, नवऱ्याचा पाय धरला आणि ढसाढसा रडला. "सॉरी रं बाबा, सॉरी!"

वाजंत्री थांबली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. नवऱ्याच्या मामानं गुणाजीला बाजूला ओढून दोन ठेवून दिल्या. मग विचारलं, "कुणाचा रं तू?" गुणाजीनं सगळं सांगितलं. मामा मनानं चांगला. त्यानं त्याला पंगतीला बसवलं आणि शिकवलं, "लग्नात हा शब्द फक्त पानावर म्हणायचा. वाढपी आग्रह करायला लागला, की हात आडवा धरायचा, हसायचं आणि सॉरी म्हणायचं. पुढचा कितीही गळी पडला तरी घ्यायचं नाही. एकदा घेतलंस, की मेलास."

गुणाजीनं हे मनात घट्ट धरलं.

दिवस कलायच्या आत सासरवाडी आली. हौसा दाराआड उभी होती. तिचा राग कधीच उतरला होता, गाठोडं सकाळपासून बांधलेलं. आईला म्हणाली होती, "एवढा एक शब्द बोलले, की मी निघाले."

"सॉरी," गुणाजी उंबऱ्यातच म्हणाला.

सासऱ्याचे डोळे भरून आले. "ऐकलंस का हौसे? घरधनी माफी मागतोय! जावईबापू, झालं गेलं विसरा. न्या आमची लेक."

गुणाजी सावध झाला. आग्रह सुरू झाला होता. त्यानं हात आडवा धरला आणि हसला. "सॉरी."

"आता पुरे की माफी! न्या तिला."

"सॉरी, मामा."

सासू पुढं आली. "असं काय करता हो? पदर पसरते मी. न्या की!"

"नको नको. सॉरी."

मग हौसाच गाठोडं काखेत घेऊन बाहेर आली. लाजत म्हणाली, "अवो, चला की. मी येते."

गुणाजीनं एक पाऊल पुढं टाकलं. पण लग्नातल्या मामानं बजावलं होतं. त्यानं दोन्ही हात आडवे धरले. "सॉरी! आता अगदी गळ्याशी आलंय."

गाठोडं खाली पडलं. सासऱ्यानं कोपऱ्यातली काठी उचलली.

तिन्हीसांजेला गुणाजी लंगडत घरी पोचला. तात्या वाट बघत ओट्यावर बसला होता.

"म्हणालास का रं सॉरी?"

"पाच वेळा म्हणालो, तात्या. एकदा पण चुकलो नाही."

"मग हौसा कुठाय?"

"लई आग्रह केला त्यांनी," गुणाजी छाती पुढं काढून म्हणाला, "पण म्या घेतलीच नाही."