साळिंदराने गाळलेली खळ

नदीकाठच्या एका रानात एक म्हातारा साळिंदर होता. कंद ठेचून त्यांची खळ काढायची, तापलेल्या कातळावर पातळ पसरायची आणि वाळली की पापुद्रा सोलून त्याच्या पिशव्या करायच्या, ही रीत त्याचीच. माणसांनी फेकलेले प्लास्टिक खाऊन एक हरीण मेले, तेव्हापासून सारे रान याच पिशव्या वापरी. टाकल्या की त्या मातीत जिरत. पण भरून उचलल्या की फाटतही. साळिंदराला तसे सांगायची सोय नव्हती. तो उलट विचारी, "तू उचललीस कशी?"

एका खारीने मग रानकेळीच्या खोडाचे सोपट कुटकुट कुटले आणि त्याचे बारीक तंतू खळीत मिसळले. साळिंदराने तो पापुद्रा उन्हासमोर धरला. आत केसासारख्या रेघा! त्याचे काटे ताठ झाले.

"ही भेसळ कसली गं?"

"भेसळ नाही, आजोबा. तंतू ताण धरतात. ओढून बघा ना!"

"मी ओढू? आणि फाटला नाही, की गावभर सांगशील, म्हाताऱ्यात जोर उरला नाही म्हणून!"

त्याने ओढला नाहीच. त्या दिवसापासून मात्र खार गुणगुणली तरी त्याला डाव दिसे, गप्प बसली तरी डाव दिसे. पावसाळ्याच्या साठ्यासाठी तिने सगळ्यांची खळ तंतू घालून घोटून दिली. साळिंदराने आपला वाटा झुडपामागे नेला, गवताच्या झुबक्यातून गाळला, तंतू न् तंतू काढून फेकला आणि मग निश्चिंत मनाने पिशव्या केल्या. पावसाळाभराचे खाणे त्यांतच भरले.

नदी फुगली. सगळे टेकडीकडे पळाले. करवंदीच्या जाळीत सशाची पिशवी घासली, पण तगली. साळिंदराची टर्रकन फाटली. मग दुसरी, मग तिसरी. सगळ्या बिया लोंढ्यात गेल्या.

वर पोचताच तो गरजला, "बघितलंत? हिने माझ्याच पिशव्या कच्च्या केल्या!"

खारीने फाटकी कड चोळून पाहिली. "यात एकही तंतू नाही. मी घातले होते. काढले कुणी?"

साळिंदर सशाकडे बघू लागला.

"माझ्याकडे काय बघता?" ससा म्हणाला.

"मीच गाळले," साळिंदर पुटपुटला. "वाटलं, विषबिष असेल."

"मग विचारायचं तरी!"

"पोरासोरांना काय विचारायचं?"

खारीने आपल्यातल्या मूठभर बिया त्याच्यापुढे ठेवल्या. पोटात आग पडली होती, तरी त्याने त्या आधी हुंगल्या.

तात्पर्य : शंका आली तर विचारावे, ओढून बघावे. तेवढेही न करता नुसता वयाचा मान मागणारा स्वतःचे नुकसान करतो आणि खापर धाकट्यांवर फोडतो.