गाठोड्यावरची जागा

पूर्वी एका शहराने पोटासाठी परगावाहून आलेल्या कुटुंबाचा दगडी पुतळा चौकात बसवला. आईच्या डोक्यावरच्या दगडी गाठोड्यावर भिकोबा कावळा मालकासारखा बसायचा.

एकदा एक दमलेली साळुंकी तिथे आली. तिचे दिवस भरले होते. "काका, गाठोड्याच्या खोबणीत अंडी घालू का?"

"बाहेरच्यांना इथे जागा नाही," भिकोबा खेकसला.

"बरं. पण तुम्ही ज्यांच्यावर बसलात, ते कोण हो?"

भिकोबा ऐटीत सांगू लागला, "फार मोठी माणसं. बाहेरून आली आणि त्यांनीच हे शहर..." तो अडखळला.

भिकोबा खाकरला आणि बाजूला सरकला. "घाल बाई अंडी. फक्त पिल्लांना सांगू नकोस, मीही नदीपलीकडचाच आहे."