तेलपट्टीचं ऐकतो कोण!

माझं कुणी खरं मानलं नाही, हे आधीच सांगते. फार वर्षांपूर्वी एका जुन्या मोटारीच्या इंजिनात मी तेल मोजायची पट्टी होते. एका दसऱ्यानंतर मोटार निळा धूर सोडू लागली. दस्तगीर मिस्त्री नुसता धूर बघून म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा गेल्या. आता असल्या मिळायच्या नाहीत. गाडी भंगारात घाला." मालक तिथंच डोळे पुसू लागले.

आत एकच कालवा उठला. व्हॉल्व्ह रिंगेवर खेकसला, "भवाने, तुझ्यापायी आम्ही सगळे भंगारात जाणार!" रिंग बिचारी रडायलाच लागली.

मी ओरडले, "अरे मुडद्यांनो, तिला कशाला बोलता? तेल माझ्या खुणेच्या दोन बोटं वर चढलंय. तेच जळतंय!"

"गप गं काडे," कार्बोरेटर हसला. "तेलावाचून इंजिन मरतं. जास्तीनं कुणी मेलंय का?"

तेवढ्यात मिस्त्रीची पाठ खाजली. हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यानं मलाच उपसलं. पाठ राहिली बाजूला, त्याचे डोळेच विस्फारले! त्यानं दीड लिटर तेल काढून टाकलं, गाडी चालू ठेवली, आणि थोड्या वेळानं धूर थांबला. रिंग तर गाऊच लागली.

"इतकं तेल ओतलं कुणी?" मिस्त्री गरजला.

दर सणाला गाडीला हार घालून, तिच्या तोंडी गोड म्हणून डबाभर तेल पाजणारा तो प्रेमळ माणूस दाराआड लपला होता. मालक भालचंद्रपंत!