धारखेडची शेवटची खीळ

"नक्षी काय, घरातच झाली. तिला वेगळं नाव कशाला लागतंय?"

मामंजी ओसरीवर पाहुण्यांना हे सांगत होते. मी परसात आहे अशी त्यांची समजूत होती. मी होते दाराआड, पोह्यांवर खोबरं घालत. हात थांबला नाही, खोबरं मात्र सगळं एकाच बशीत पडलं.

पाहुणे म्हणजे पुण्याचे अभ्यंकर नवरा-बायको. घडीचे नक्षीदार चाकू जमवण्याचा त्यांना नाद आहे. मामंजींनी त्यांच्यासाठी एक चाकू घडवला होता. पातं मामंजींचं, पितळी मुठीवरची नक्षी माझी. मी सोनवळ्याच्या नक्षीकारांची मुलगी. लग्न होऊन या लोहारांच्या घरी आले, हळद पुरती उतरली नव्हती तेव्हापासून त्या मुठीवर मान मोडून बसले होते. घरात झाली म्हणजे भात शिजतो तशी झाली, असा काहीसा मामंजींचा अर्थ असावा.

पोहे बाहेर नेऊन ठेवले तेव्हा गोष्ट सुरू झाली होती. आमच्या ओसरीवरून समोरचा कडा दिसतो. मोठ्या खडकाला उभी खाच आहे आणि त्या खाचेतून एक लांब सुळका तिरका बाहेर आला आहे, कुणी घडीचा चाकू अर्धा उघडून ठेवून द्यावा तसा. सांध्याच्या जागी आरपार भोकही आहे. गावात त्याला अर्धपातं म्हणतात. ज्या कुणाला चाकू हवा असतो, त्याला मामंजी आधी अर्धपातं दाखवतात, मग त्याची कथा सांगतात. कथा अशी.

फार पूर्वी, असं सांगतात, धारखेडला आमच्याच घराण्यात जानोजी नावाचा लोहार होऊन गेला. कड्याखालच्या झऱ्याचं पाणी तो पात्याला पाजायचा, आणि त्याचं पातं पाण्यात धरलं तर पाणीही दुभंगायचं म्हणे. जहागीरदाराच्या मुलाचं लग्न निघालं. नवरदेवाच्या हाती नेहमीची कट्यार नको, मिटून कमरेला खोचता येईल असा चाकू हवा, आणि मांडवातल्या प्रत्येकानं हातात घेऊन बघावा इतका देखणा हवा, असा जहागीरदाराचा हुकूम आला. पातं जानोजीनं घडवलं. मूठ त्याच्या सुनेनं, गिरजेनं सजवली. ती सोनवळ्याची. तिनं मुठीवर असा वेल कोरला की मधमाश्या येऊन बसायच्या म्हणे.

जहागीरदार स्वतः आला. "कुणी केला हा?" त्यानं विचारलं. जानोजी म्हणाला, "मी." गिरजा दाराआड उभी होती. ती काही बोलली नाही. जहागीरदारानं चाकू उघडायला घेतला, तर पातं अर्ध्यावर येऊन अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. लेकाच्या लग्नात अपशकुन झाला म्हणून तो संतापला आणि जानोजीचे हात तोडायचा हुकूम देऊन मोकळा झाला. तेव्हा गिरजा मुकाट्यानं घराबाहेर पडली. कड्यापाशी गेली, सासऱ्याची लाज राख म्हणून तिनं देवीला पदर पसरला, आणि खडकाच्या खाचेत शिरली. त्या क्षणी इकडे चाकू सुळकन उघडला. तिकडे कडा मिटायला लागला, पण तिचा पदर आत अडकला आणि कडा अर्ध्यावर थांबला, तो कायमचा.

"तेव्हापासून आमच्याकडे पातं मुठीत बसवणारी शेवटची खीळ घरच्या सुनेच्या हातून ठोकतात. तिची आठवण म्हणून," मामंजी म्हणाले. "शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही हो ती." इथे ते थांबतात. त्यांचे डोळे ओले होतात, आणि ते खरेच ओले होतात, हीच तर पंचाईत आहे.

पहिल्यांदा इथे अशी ऐकली तेव्हा मीही रडले होते. नवी नवरी होते, रडायला निमित्तच हवं होतं. दुसऱ्यांदा ऐकली तेव्हा एक गोष्ट टोचायला लागली. चाकू का अडकला, हे कुणीच विचारत नाही.

पितळेवर कोरणी चालवली की धातू जागचा हलतो. वेल जितका खोल, तितका पत्रा पसरतो, आणि मुठीतली खाच केसाएवढी आवळते. ती किती आवळली हे ज्यानं वेल कोरला त्याच्या बोटांना कळतं. तो खाच आतून घासून मोकळी करतो, पातं बसवून बघतो, पुन्हा लोहाराकडे देतो, लोहार पात्याचा खांदा जरा उतरवतो, पुन्हा मूठ नक्षीवाल्याकडे येते. अशा येरझारा झाल्या की मग सांध्यात खीळ, आणि ती नक्षीवाल्याच्या हातून. ही कुणाची आठवण नाही. ही कामाची रीत आहे. जानोजीला "मी" म्हणायचं होतं. म्हणून त्यानं गिरजेला न विचारता खीळ स्वतः ठोकली. चाकू अडकायला देवी कशाला हवी?

सोनवळ्याला ही कथा आम्ही वेगळी ऐकत आलो. आमच्याकडे गिरजेला कुणी कड्यात घालत नाही. जहागीरदारानं हात तोडायचं नाव काढल्यावर ती दाराआडून बाहेर आली म्हणे. त्याच्या हातातून चाकू घेतला, ऐरणीवर ठेवला, आणि एका ठोक्यात खीळ पाडली. पातं सासऱ्यापुढे ठेवलं, मूठ आपल्यापुढे. "हे यांचं, हे माझं. चाकू अजून व्हायचाय," एवढंच म्हणाली. मग तिथेच बसून खाच घासली, खीळ घातली, आणि चाकू लोण्यातून सुरी फिरावी तसा उघडला. जहागीरदारानं बक्षीस माग म्हटल्यावर तिनं मागितलं ते इतकंच, की धारखेडच्या चाकूची शेवटची खीळ यापुढे नक्षी करणाराच ठोकेल. आणि कडा? कडा आधीपासूनच तसा होता. त्याला कुणाच्या सुनेची गरज नव्हती.

यातलं खरं कुठलं, मला माहीत नाही. पण एवढं कळतं की कड्यात गेलेल्या बाईच्या नावानं फार तर नवस बोलतात. कामाची रीत मागे राहते ती काम करत म्हातारी झालेल्या बाईची. धारखेडनं तिची रीत ठेवली आणि तिला मात्र खडकात कोंबली, वर तिच्या गप्प राहण्याला हळदकुंकू वाहिलं.

"सूनबाई, या," मामंजींनी हाक मारली. "खीळ ठोका. पाहुण्यांना फोटो काढायचाय."

ऐरणीवर मखमलीचा तुकडा अंथरला होता. त्यावर पातं आणि मूठ. मुठीवर सांध्याशेजारी नाव होतं: बाबाजी पोपळघट, धारखेड. ती अक्षरंही माझीच. मामंजींनी पेन्सिलीनं कागदावर लिहून दिली होती, मी कोरली. कोरताना शेजारी बोटभर जागा मुद्दाम सोडली. वाटलं होतं, विचारतील, इथे काय येणार? त्यांनी मूठ उजेडात फिरवून पाहिली, जागा पाहिली, आणि म्हणाले, "छान मोकळं ठेवलंय." एकदा खीळ बसली की तिथे कोरणी चालत नाही. हातोडीच्या धक्क्यानं सांधा ढिला होतो. म्हणजे ती जागा मोकळी राहिली तर पुण्याच्या काचेच्या कपाटात कायमची मोकळी राहणार.

"आमची सूनबाईपण गिरजेसारखीच," मामंजी कौतुकानं म्हणाले. "आल्यापासून तोंडातून शब्द नाही."

"किती गोड," अभ्यंकरबाई म्हणाल्या आणि त्यांनी मोबाइल वर धरला.

आजही तो कडा अर्धाच आहे. आजही ऊन कलतं झालं की त्या भोकातून एक तिरीप निघते आणि आमच्या ऐरणीपर्यंत येते. त्या दिवशीही आली. माझ्या एका हातात खीळ होती, दुसऱ्या हातात हातोडी. मी हातोडी खाली ठेवली, खीळ मुठीत घट्ट धरली आणि आल्यापासून पहिल्यांदा ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"मामंजी, गिरजा कड्यात गेली नव्हती. तिनं खीळ काढून घेतली होती. ही आता माझ्याकडे आहे. तुमच्या नावाशेजारी जी जागा छान मोकळी आहे ना, तिथं 'मंजिरी' यायचंय. ते कोरून झालं की ठोकते. तोवर पाहुण्यांनी पोहे खावेत, एका बशीत खोबरं जरा जास्त आहे."